लेकीचे चाळीस सेकंद

मोठा समारंभ म्हटला की संगीत मास्तरांचंच, हे गेली तीस वर्षं ठरलेलं. पाहुणा फाटकातून मंचापर्यंत चालत येईतो सुरावट पुरली पाहिजे आणि त्याचा पाय मंचावर पडला की संपली पाहिजे. आता पाहुणे काय, कधी रमतगमत येतात, कधी पळत सुटतात! म्हणून मास्तर सुरावट आगगाडीच्या डब्यांसारखी जोडायचे. वेळ उरला तर एखादा डबा दोनदा वाजवायचा, कमी पडला तर वगळायचा. यात त्यांचा हातखंडा होता.

आजचा समारंभ मास्तरांचा शेवटचा. सात डब्यांतला पाचवा ट्रंपेटचा, आणि सहावा फक्त लेकीचा: चाळीस सेकंद, एकटं व्हायोलिन. लेक वीस वर्षं वाजवत होती, पण मास्तर तिच्या एकाही कार्यक्रमाला गेले नव्हते. दर वेळी कुठला तरी मंत्री आडवा यायचा. हे चाळीस सेकंद मात्र काहीही झालं तरी ऐकायचेच, असं त्यांनी ठरवलं होतं.

सकाळी समारंभ अधिकारी धापा टाकत आले. "मास्तर, फाटक बदललं, अंतर कमी झालं. ते व्हायोलिन काढून टाका, झोप येते त्याने."

"व्हायोलिनला हात लावाल तर याद राखा!" मास्तर कडाडले. त्यांनी तिसरा डबा काढला, पुढचे आकडे खोडून नवे लिहिले आणि कागद वादकांना वाटले. दुपारी निरोप आला, पाहुण्यांचा गुडघा दुखतोय, ते हळू चालतील. तासाभराने कळलं, गुडघा ठणठणीत आहे. मास्तरांच्या डोक्याचा पार भुगा झाला.

संध्याकाळी ते मैदानावरच्या काचेच्या खोलीत बसले. कानाला हेडफोन, डोळे पाहुण्यांच्या बुटांवर. खाली प्रत्येक वादकाच्या कानात मास्तरांचा आवाज. आणि काय सांगू, पाहुणे निघाले ते तुरुतुरु! हेडफोनमध्ये अधिकारी ओरडतायत, "पोचले, पोचले!" फाटकावरचा माणूस म्हणतोय, "थांबले, हात मिळवतायत!" तिसरा काय बरळतोय, देव जाणे. ट्रंपेटचा गोंगाट उडवला तर लेकीचे चाळीस सेकंद वाचतील, एवढंच मास्तरांना सुचलं. ट्रंपेटचा डबा कितवा? पाचवा.

"पाच वगळा!" ते ओरडले.

पाहुण्यांचा पाय मंचावर आणि शेवटचा ठोका, अगदी एकाच वेळी. टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर दोन-दोन पायऱ्या उतरत लेकीकडे धावले.

"काय वाजवलंस गं बाळ! भरून आलं मला." आणि त्यांचे डोळे खरंच ओले होते.

लेक व्हायोलिन पुसत होती. "बाबा, मी वाजवलंच नाही."

"म्हणजे?"

"तूच म्हणालास, पाच वगळा. सकाळपासून पाचवा डबा माझा."

मास्तरांनी खिशातला कागद काढला, बोटाने डबे मोजले, पुन्हा मोजले. खाडाखोड त्यांच्याच हातची होती.

"आणि ट्रंपेट?"

"वाजले की. चांगले खणखणीत."

"मग मी ऐकलं ते काय होतं?"

"मला काय माहीत, बाबा," लेक म्हणाली. "तू मला कधी ऐकलंच नाहीस. तुला कळणार तरी कसं?"