आधी हात, मग जीभ

रतनने बापट सरांच्या गालांवर फेस लावला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं आणि म्हणाला, "मान... वर घ्या, सर."

तोंडात पाव कोंबल्यासारखे जाड शब्द आले.

सरांनी मान वर घेतली नाही. आरशातून त्याच्याकडे नीट बघितलं. वर्षभर ते मुलाकडे अमेरिकेत होते, परवाच शनिवार पेठेत परत आले होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"सकाळी सकाळी? काही लाज?"

"प्यायलो... नाही."

"असं? मग मीच प्यायलो असेन." सर गळ्याभोवतीचं कापड सोडायला लागले.

रतनचे कान तापले. ऑपरेशनला चार महिने झाले होते आणि तेवढ्या काळात सहा गिऱ्हाइकं अशीच उठून गेली होती. एक तर अर्ध्या दाढीने. हात थरथरायचा तेव्हा लोक निदान हळहळायचे. आता हात थांबला तर बेवडा म्हणतात. कालच त्याची बायको राधा म्हणाली होती, दुकान बंद करू या.

ती गल्ल्यावरून उठली. "अहो सर, ह्यांच्या डोक्यात..."

रतनने तिला हातानेच थांबवलं. वस्तरा खाली ठेवला, खिशातून छोटा रिमोट काढला आणि बटण दाबलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्याची बोटं हलायला लागली. मग मनगट. मग कोपरापासून सगळा हातच. कप्प्यावरची फणी धक्का लागून खाली पडली.

"आता ऐका." आवाज एकदम स्वच्छ. "डोक्यात तार बसवलीय, छातीत बॅटरी. चालू असली की हात थांबतो, पण जीभ जड होते. बंद केली की हे असं. डॉक्टर करंट कमीजास्त करून बघतायत, जमेल म्हणतात. आज तरी दोन्ही एकदम मिळत नाही. तुम्हाला उठायचं तर खुशाल उठा. पण मला दारुडा समजून उठायचं नाही."

सर त्या हाताकडे बघत राहिले.

"झालं बोलून?"

"झालं."

"मग चालू कर ते. फेस वाळला सगळा."

रतनने बटण दाबलं. हात हळूहळू शांत झाला. त्याने कापड परत बांधलं, पुन्हा फेस लावला. सरांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले. वस्तरा कानापासून हनुवटीपर्यंत सरळ उतरला.

"तिकडचे सलूनवाले एक शब्द बोलत नाहीत," डोळे मिटूनच सर म्हणाले. "काय शांतता! फार बरं वाटलं."

रतनने वस्तरा गळ्यावरून उचलला.

"मग... परत... कशाला..."

जीभ अडकली. त्याने गिळलं, परत सुरुवात केली. राधाने तोंड उघडलं तशी सरांनी कापडाखालून बोट वर केलं. कुणालाही कधी वाक्य पुरं करू न देणारा माणूस, गालावर फेस घेऊन, त्याचं वाक्य संपायची वाट बघत बसला.

"...आलात?"