जेवल्यावरची गोळी

आमच्या गावात माणूस घरी सापडणं म्हणजे नशीबच. केळीच्या कटाईला ट्रक लागला की निम्मं गाव बागेत, उरलेलं मजुरांच्या मागे. मी मोहिनी, इथली आशा सेविका. बीपीवाल्यांचा गट माझ्याकडे. दर महिन्याला त्यांना एका जागी जमवताना डोक्याला नुसता ताप. शेवटी मी डोकं लढवलं. एकादशीला झाडून सगळे मंदिरात भजनाला येतातच, तर बीपीचं मशीन तिथेच मांडायचं. एकही माणूस चुकेना. तालुक्याच्या मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं आणि काही दिवस मी हवेतच होते, खोटं कशाला बोलू.

फक्त आकडे खाली येईनात. डॉक्टरांनी दोनदा गोळ्या वाढवल्या. माझे सासरे, बन्सीलाल नाना, याच गटात. मी प्रत्येकाला विचारायचे, गोळी रोज घेता ना? सगळे हो म्हणायचे. मग मी त्यांच्या लोणच्यापापडावर घसरायचे. नानांचा पापड तर मी चारचौघांत बंद केला. बिचारे मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

परवा द्वादशीला सकाळी उपास सोडून नाना बागेत गेले आणि पाणी भरता भरता आडवे झाले. माझ्या नवऱ्याने, कुंदनने, त्यांना गाडीत घालून घरी आणलं. अंग घामाने गार, ओठ पांढरे. मी दंडाला पट्टा बांधला. ज्या माणसाचं बीपी इतके महिने चढलेलंच पाहिलं, त्याचा वरचा आकडा आता सत्तर. मशीन बिघडलं असणार म्हणून स्वतःच्या दंडाला लावून पाहिलं. मशीन ठणठणीत होतं.

कुंदनने अॅम्ब्युलन्सला फोन लावला. मी सासूबाईंना विचारलं, "आज गोळी घेतली का यांनी?"

"घेतली ना. कालची अन् आजची, दोन्ही."

"कालची का राहिली?"

"काल एकादशी नव्हती का? जेवल्याशिवाय गोळी घ्यायची नई, असं तूच सांगतलं. उपासाले जेवण कुठी ऱ्हातं? मंग दुसऱ्या दिवशी जेवलं की दोन्ही घ्यायच्या. बठ्ठेच तसं करतात."

म्हणजे दर महिन्याला मी गोळी न घेतलेल्या माणसांचं बीपी मोजत होते. तेच आकडे डॉक्टरांपुढे ठेवत होते, त्यावरून गोळ्या वाढत होत्या, आणि त्या वाढलेल्या गोळ्या द्वादशीला दुप्पट पोटात जात होत्या. नाना समोर निपचित पडले होते आणि त्यांना तिथे पाडलं होतं माझ्या हुशारीने. शिवाय सासूबाई बठ्ठेच म्हणाल्या होत्या, म्हणजे गटातले सगळेच.

अॅम्ब्युलन्स येईपर्यंत कुंदनला नानांचे पाय उशीवर उचलून धरायला सांगितलं आणि मी मंदिराकडे पळत सुटले. भजनाचा माइक चालू केला. ज्यांनी आज दोन दिवसांच्या गोळ्या घेतल्या असतील त्यांनी आडवं व्हा, उठू नका, घरच्यांनी जवळ बसा, चक्कर आली तर लगेच फोन करा. हेच मी पुन्हा पुन्हा सांगत होते. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. उपकेंद्राच्या नर्सताई मशीन घेऊन घरोघर फिरायला निघाल्या, तेव्हा मी माइक सोडला आणि नानांच्या मागे तालुक्याला गेले.

दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, वय आहे, काही सांगता येत नाही, वाट बघू. मी कॉटच्या दांडीला धरून बसले. दुपार कशी गेली मला आठवत नाही. संध्याकाळी वरचा आकडा शंभराच्या पुढे सरकला आणि नानांनी डोळे उघडून पाणी मागितलं. नर्सताईंचाही फोन आला, गावात दोघांना गरगरतंय, पण धोका नाही. तेव्हा कुठे मला रडू फुटलं. रडूही आणि रागही.

"नाना, दर महिन्याला विचारत होते मी, रोज घेता का. तुम्ही हो म्हणायचे."

"मंग? रोजच घेतो मी." नानांना माझा राग खरंच कळत नव्हता. "तुले कोनी विचारलं, रोज जेवते का, तं तू काय सांगशीन?"

आदल्या दिवशी एकादशीचा उपास मीही केला होता, आणि कोणी विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं.