पगारपावतीवरची लाल रेघ

वरच्या ओळीतले समोरचे दोन दात अगदी सरळ लावायचे नाहीत. एक केसभर पुढे, दुसरा केसभर तिरका. सरळ लावले की माणूस हसला तरी दुकानाच्या काचेतला वाटतो.

*

फ्रिजच्या मागच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. ती निसटली की फ्रिज खडखडायला लागतो आणि सासरे पलंगावरून म्हणतात, "आली गं गाडी."

*

लाल पेन्सिल. झिजून झिजून अंगठ्याएवढी उरलेली.

*

"...सबब उपरोक्त अकरा महिन्यांत आपणांस अदा झालेला शुश्रूषा भत्ता पूर्णतः वसुलीस पात्र ठरत आहे."

*

"मला दात दे," सासरे म्हणाले.

*

हे सगळं एकाच घरातलं आहे, तेव्हा आता नीट लावून सांगायला हवं.

सासरे तिला सूनबाई म्हणत, म्हणून घरात ती सगळ्यांचीच सूनबाई झाली होती. नवरा रंगारी. तोसुद्धा कधी लाडात आला किंवा फार चिडला की सूनबाईच म्हणायचा. दोन्हींतलं काय ते आवाजावरून ओळखायचं. ती कवळ्या बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात होती. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे, त्यांवरून प्लास्टरचे साचे व्हायचे, आणि त्या साच्यांवर मेणाच्या हिरड्यांमध्ये एकेक दात बसवायचा, हे तिचं काम. दात कुठे रुतवायचा ते लाल पेन्सिलीने आखून घ्यायचं.

सासऱ्यांचं डावं अंग लुळं पडलं तेव्हापासून ती अर्धाच दिवस कामाला जायची. घरच्या आजाऱ्याचं करणाऱ्याला सरकार भत्ता देतं, तो तिला मिळायचा. महिन्याला नऊशे. अट एवढीच की करणाऱ्याची स्वतःची कमाई ठरल्या आकड्याच्या वर जाता कामा नये. गेली, मग ती चार आण्यांनी का जाईना, त्या महिन्याचा सबंध भत्ता बाद.

सोळा वर्षं तिच्या पगारपावतीवर 'मदतनीस' असं छापून येत होतं. एके दिवशी मालकांनी पावती हातात ठेवली आणि भट्टीकडे निघून गेले. पावतीवर होतं: कारागीर. कारागिराचा दर धंद्यात ठरलेला असतो, तो तिला लागू झाला होता. महिन्याचे साठ वाढले होते.

तिने पावती रंगाऱ्याला वाचून दाखवली. सासऱ्यांना दोनदा वाचून दाखवली, कारण पहिल्यांदा त्यांनी ऐकू येऊनही "काय?" म्हटलं. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून पावतीची झेरॉक्स काढली, तिच्यावर त्या एका शब्दाखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली आणि ती भत्ता कार्यालयाला पोस्टाने पाठवून दिली.

कार्यालयाने काही मागितलं नव्हतं. पण दर वर्षी तिकडून अर्ज यायचा, त्यात 'व्यवसाय' असा रकाना असायचा, आणि दर वर्षी ती तिथे मदतनीस लिहायची. त्यांनाही कळू दे, म्हणाली. कमाईचा आकडा तिच्या डोक्यातही नव्हता. त्या साठांनी ती आकड्याच्या वर चाळीसने गेली होती.

कार्यालयाने पावती फाईलला लावली आणि अकरा महिने भत्ता पाठवत राहिलं. बाराव्या महिन्यात आलं ते पत्र.

नऊ हजार नऊशे.

पैसे तर केव्हाच कामाला लागले होते. रंगाऱ्याच्या शिडीची पायरी तुटली होती, नवी शिडी आली. पडून पडून सासऱ्यांच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या, हवेची गादी आली. परत नेऊन देण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

*

खिडकी क्रमांक चारवरच्या बाईंनी फाईल उघडली, पानं उलटली आणि मध्येच थांबल्या.

"हे तुम्ही पाठवलंत?"

"हो."

"ही रेघ?"

"मीच मारली. लगेच दिसावं म्हणून."

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे आम्हाला पहिल्या महिन्यापासून कळवलेलं होतं."

"होतं ना."

"ताई, चूक आमचीच आहे. पण नियमात बसत नाही म्हटल्यावर वसुली चुकत नाही. चूक कोणाचीही असो." त्यांनी मागे कोण आहे ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक करा. तुमच्या मालकांचं पत्र आणा. ते साठ प्रवासखर्चाचे होते म्हणून. प्रवासखर्च कमाईत धरत नाहीत. प्रकरण इथंच मिटेल."

"मी तर चालत जाते."

"मला सांगितलंत ते सांगितलंत, आणखी कोणाला सांगू नका."

"पण पावतीवर कारागीर लिहिलंय. कारागिराला दर असतो, प्रवासखर्च कसा होईल?"

"म्हणूनच पत्रात लिहायचं, तो शब्द चुकून पडला. पद मदतनीसच आहे." बाईंनी फाईल मिटली. "एका ओळीचं काम आहे हो."

*

मालकांच्या भुवयांत कायम प्लास्टर असायचं, त्यामुळे ते विचारात पडले की धूळ उडायची. या वेळी उडाली नाही.

"अहो बाई, एवढंच ना? आत्ता देतो." त्यांनी दोन बोटांनी पत्र टाइप केलं, सही केली, शिक्का मारला. "मी काय तुम्हाला खाली उतरवतोय थोडाच? कागदाचं कागदाला. तुम्ही कोण आहात ते मला माहीत आहे."

"कळलं मालक," ती म्हणाली आणि पाकीट पिशवीत ठेवलं. त्या दुपारी तिने लावलेला सुळा दोनदा उपसून पुन्हा लावला. असं तिचं होत नसे.

*

रविवारी नणंद आली. वडिलांना भेटायला यायची, पण घरात काय शिजतंय ते तिला दारातच कळायचं. पाकीट टेबलावर होतं, चार दिवस तिथेच होतं.

"अजून दिलं नाहीत वहिनी? कसली वाट बघताय, मुहूर्ताची?"

"द्यावंसं वाटत नाही."

"नऊ हजार द्यावेसे वाटतात?"

रंगारी खुर्चीवर उलटा बसला होता. त्याने आधीच हिशेब केला होता, तोंडानेच, ब्रश धुता धुता. "महिन्याला तीनशे धरले तरी तेहेतीस महिने. अगं, तेहेतीस महिन्यांत हा फ्रिज मरेल. मीही मरेन बहुतेक."

"तुम्हाला कोणी म्हटलं, की लिहून द्या, मी रंगारी नाही, खाली उभा राहून डबा धरणारा आहे, तर द्याल?"

"नऊ हजाराला? शिडीही धरतो म्हणून लिहून देईन."

"चेष्टा नको हो."

"चेष्टा कुठली? कोण वाचणार आहे ते पत्र?"

"मी वाचलंय," ती म्हणाली.

नणंदेने पदराने वारा घेतला. "मान काय शिजवून वाढणार आहात वहिनी? एक ओळ आहे. फाईलमध्ये जाईल, धूळ खाईल. पोटाला चिमटा तुम्ही काढाल आणि बाबांच्याही काढाल."

हे शेवटचं लागलं. सूनबाईने पाकीट उचललं आणि पिशवीत टाकलं. "ठीक आहे. उद्या देते."

तेव्हा पलंगावरून आवाज आला. "मला दात दे."

आजारपणानंतर सासऱ्यांचं बोलणं जड झालं होतं, त्यात तोंड बोळकं असलं तर घरच्यांनाही समजत नसे. कवळी ते फक्त दोन वेळा लावायचे, जेवताना आणि काही ठाम सांगायचं असेल तेव्हा. जेवण तर झालं होतं.

ही कवळी साधी नव्हती. अर्धा चेहरा ओघळलेल्या माणसाच्या तोंडात कवळी टिकत नाही. तीन दवाखान्यांनी हात टेकले होते. सूनबाईने मालकांकडून साचा मागून घेतला, दुपारच्या सुट्टीत चार वेळा मेण लावलं आणि चार वेळा उतरवलं. शेवटी डावीकडचे दात तिने थोडे बाहेरच्या अंगाला घेतले, ओघळलेल्या गालाला आतून टेकू मिळावा म्हणून. मालकांनी ती कवळी खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिली होती. त्याच महिन्याच्या पावतीवर तो शब्द आला.

तिने वाटीतली कवळी धुतली आणि त्यांच्या उजव्या हातात दिली. त्यांनी ती बसवली, गाल वर आला, चेहरा भरला. आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस. कोणाचा हात कुठला, हे टाक्यावरून सांगायचा.

"पोरी," ते लेकीला म्हणाले, "माझ्या तोंडात कोणाचं काम आहे?"

"वहिनींचं."

"मदतनिसाचं?"

नणंदेने रंगाऱ्याकडे पाहिलं. रंगाऱ्याने फ्रिजकडे.

"मदतनिसाच्या हातची कवळी मी घालणार नाही," सासरे म्हणाले. त्यांनी ती काढली, वाटीत ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मग रंगाऱ्याला हसू आवरेना. "झालं. आता उद्यापासून सगळं वाटून-गाळून वाढा. पत्र नाही फाडलंस तर म्हातारा उपाशी राहील."

"फाडत नाही," सूनबाई म्हणाली. "ज्याचं त्याला परत करते."

*

मालक म्हणाले, "बाई, हा वेडेपणा आहे."

"असेल. दर तोच ठेवा. फक्त आकड्याच्या खाली राहीन एवढे तास कमी करा. शुक्रवारी तासभर आधी जाईन."

"तुमच्या एका तासात माझे चार दात बसतात."

"सोमवारी बसतील."

मालकांनी पत्र घेतलं, चुरगळलं आणि भुवईवरचं प्लास्टर पुसलं. "कारागीर झाल्यापासून तोंड सुटलंय तुमचं," म्हणाले. पण शुक्रवारचा बदल त्यांनी तिच्यासमोरच फळ्यावर लिहिला.

*

व्यवसाय: कारागीर

जादा रकमेचे कारण: माझी कमाई वाढली. मी कळवलं होतं. पावती तुमच्याच फाईलमध्ये आहे, लाल रेघ बघा.

मासिक हप्ता: १५०

खिडकी चारवरच्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला. "पत्र नाही आणलंत?"

"नाही."

"आणि दीडशेच? सहासष्ट महिने लागतील ताई."

"लागू द्या. एवढेच घरातून निघतात. चूक तुमची होती ना, मग थोडा दम तुम्ही धरा."

बाईंच्या गालावर काहीतरी हललं. त्यांनी दीडशेसमोर बरोबरची खूण केली.

"आणि एक," सूनबाई म्हणाली. "मी वेळेवर कळवलं होतं, हे तुमच्या बाजूने लिहा. शिक्क्यासकट. त्याची प्रत मला हवी."

"असा रकाना नाहीये."

"मग मागच्या बाजूला लिहा. मागे जागा आहे."

मागे खरंच जागा होती. बाईंनी पेन उचललं, लिहिलं, शिक्का आपटला, आणि प्रत काढायला स्वतः उठून गेल्या.

ती प्रत आता फ्रिजच्या दारावर आहे. फ्रिज खडखडला की तीही थरथरते. पहिले तीन हप्ते गेले. रंगाऱ्याने जुन्या शिडीला नवी पायरी ठोकून ती विकली, त्यात चौथा आणि पाचवा निघाला. घरी कोणी आलं की तो त्या कागदाकडे बोट दाखवून "आमच्या कारागीर" म्हणतो, आणि ते लाडातलं असतं. सासरे हल्ली दात दुपारभर तोंडातच ठेवतात.

नणंदेची एक दाढ गेल्या महिन्यात काढावी लागली. रविवारी आली तेव्हा गालावर हात होता.

"वहिनी, त्या जागी एक बसवून द्याल ना? घरातलंच काम."

"कारखान्यात या," सूनबाई म्हणाली. "माप घेऊ. कारागिराचा दर पडेल."

नणंदेने भावाकडे पाहिलं. भाऊ दात काढून हसत होता. ती पुढच्या गुरुवारी कारखान्यात गेली.

सतरा वर्षांपूर्वी, पहिल्या दिवशी, सूनबाईला तिथे जमिनीवरचा प्लास्टरचा भुगा झाडायला ठेवलं होतं.