खिडकीपाशी ठेवलेलं पाणी

मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. माझा डावा हात सैल आहे, बैठकीचा वेत दोनदा बदललेला आहे आणि स्वभाव म्हणाल तर जरा कुरकुरा. मित्रांनो, तुम्ही माणसं चेहऱ्यावरून ओळखता. माझ्या वाट्याला पाठीच येतात, आणि पाठीला काही लपवता येत नाही.

मला एका मोठ्या कुटुंबाने हौसेने घरी नेलं. दोन खोल्या आणि माणसं ही एवढी. घटकाभर एकटं बसून रडायचं म्हटलं तरी जागा नसे. म्हणून त्या घरच्या आईने नियम केला की खुर्चीत जो बसेल त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. शेजारी पाण्याचा पेला ठेवायचा आणि पाऊल न वाजवता निघून जायचं. काकांची नोकरी सुटली तेव्हा ते दिवसभर माझ्यात बसून होते आणि ते गलका करणारं घर कुजबुजत वावरत होतं. तेव्हा माझा फार मान होता.

त्या घरातला धाकटा पुढे चष्मे बनवायला शिकून चष्मेवाला झाला आणि दूरच्या शहरात दुकान काढायला जाताना मला घेऊन गेला. तिथे त्याने लग्न केलं. मुलगी दुसऱ्या मुलखातली, दुसऱ्या भाषेची. ती बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची, म्हणून मी मनातल्या मनात तिला घोषणाबाई म्हणे. दोघं एकमेकांची भाषा मन लावून शिकली. आता यांचं कुठे अडणार, असं सगळ्यांना वाटे. मलाही वाटे.

भांडणं सगळ्यांचीच होतात, त्यांचीही झाली. भांडण झालं की घोषणाबाई खिडकीपाशी येऊन माझ्यात बसे. चष्मेवाला लगेच गप्प होई, पाण्याचा पेला आणून ठेवी आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेई. ही रीत साऱ्या जगाचीच आहे, अशी त्याची समजूत. तिची पाठ मात्र ताठ होत जाई. का, ते मला बरेच दिवस कळलं नाही. मग एकदा ती माझ्यात बसून बहिणीशी फोनवर बोलली.

“आपल्याकडे कुणी रुसून बसलं की बाबा तीन हाका मारायचे, आठवतं ना? पहिल्या हाकेला उठले तर तू मला चिडवायचीस. तिसरीला मात्र उठायचंच. इथे एकही हाक नाही गं, ताई. पाणी ठेवतो आणि जातो. कुंडीला घालतात तसं.”

दोन्ही घरांच्या रीती आता एकट्या मला ठाऊक होत्या, आणि मला तोंड नव्हतं. मी जमेल तेवढी कुरकुरले. चष्मेवाल्याने दुसऱ्या दिवशी माझा हात खिळा मारून घट्ट केला.

मग तिचे बाबा गेले. माहेरून परतली ती तशीच माझ्यात येऊन बसली. त्या दिवशी चष्मेवाल्याने दुकान उघडलं नाही. शेजाऱ्यांना दारातूनच परत पाठवलं, फोन उशीखाली दाबला, पेला पुन्हा पुन्हा भरून ठेवला. एवढा मान काकांनासुद्धा मिळाला नव्हता. ती मात्र हाकेची वाट बघत होती. बाबांची हाक आता येणार नव्हती, निदान ह्याची तरी यावी. दिवेलागणीला ती उठली आणि त्याच आठवड्यात ताईकडे राहायला गेली.

दुकानात तो परक्यांना दिवसभर विचारायचा, “ह्या भिंगातून बरं दिसतं की त्या?” घरी हा प्रश्न त्याला कधी सुचला नाही. तिनेही सांगितलं नाही. मागून घेतलेली हाक ती काय हाक, असं तिला वाटे.

काही दिवसांनी ती उरलेले कपडे न्यायला आली. चष्मेवाला माझ्यात बसला होता, पाठ पार वाकलेली. बॅग भरून झाल्यावर ती थांबली.

“अरे, ऐक ना.”

तो हलला नाही.

“दोघं मिळून थोडं खाऊन घेऊ या का?”

त्याची बोटं माझ्या हातांवर आवळली गेली. तिसऱ्यांदा तिने त्याला त्याच्या घरच्या लाडाच्या नावाने हाक मारली.

“आता तरी बसू दे ना मला,” तो मान न वळवता म्हणाला.

ती आत गेली, पाण्याचा पेला भरून आणला आणि त्याच्याजवळ ठेवला. तू मला दिलंस तेच घे, असं तिच्या मनात होतं. तिची पावलं वाजली नाहीत. त्याने पेल्याकडे बघितलं आणि त्याची पाठ सैल झाली. शेवटी हिला माझं कळलं, असं त्याला वाटलं. पाणी सावकाश पिऊन तो आपणहून उठला आणि तिच्याशी बोलायला स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. आत कुणी नव्हतं.

त्यानंतर माझ्यात कुणी बसलं नाही. आता मी जिन्याखाली असते, माझा हात पुन्हा सैल झाला आहे. तो दुरुस्त केला नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण तुमच्या घरात कुणी वेगळं जाऊन बसलं, तर जवळ जा आणि विचारा, “हाक मारू, की बसू देऊ?” तेवढं मला विचारता आलं नाही. तुम्हाला येतं.