हळदीच्या दिवशीची फायनल

मित्रांनो, पोट खपाटीला गेलेला आणि अंगावर ठिगळे मिरवणारा मी परतूरचा एक जुना फुटबॉल आहे. आजकालच्या गुळगुळीत चेंडूंना मी आपला भाऊबंद वाटतच नाही. मला नाडी आहे, आणि चेंडूला नाडी बांधावी लागते हे त्या बिचाऱ्यांना ठाऊकही नाही.

माझा जन्म पंजाबातला. कारागिराने चामड्याचे तुकडे मेणाच्या दोऱ्याने शिवले, आत रबरी ब्लॅडर बसवले आणि भावंडांसोबत मला पोत्यात भरून पाठवून दिले. जालन्याच्या एका दुकानात मी कितीतरी दिवस बॅटींच्या मागे पडून होतो. गिऱ्हाईक यायचे, बॅट फिरवून बघायचे आणि घेऊन जायचे. मला कोणी बोटही लावत नसे. क्रिकेटचे नाव निघाले की माझी हवाच उतरायची.

१९८८ च्या उन्हाळ्यात धर्मराजने मला उचलले. तो परतूरच्या जुन्या गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा, नुकताच कॉलेज संपवून आलेला. ज्वारी घरात आली की त्याचे दोस्त पारावर पत्ते कुटत बसत. ते त्याला बघवेना. त्याने दोस्तांचेच वस्तीवार चार संघ पाडले आणि लीग ठरवली. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे आणि पहिल्या दोघांची फायनल. बूट कोणाकडेच नव्हते. ऑफसाइड म्हणजे काय हे फक्त शाळेतल्या रामराव सरांना माहीत होते, म्हणून शिट्टी त्यांच्या गळ्यात पडली.

घोडे अडले ते मैदानापाशी. उन्हाळ्यात रिकामी राहणारी मोठी जागा एकच, चांदमल शेठच्या जिनिंगचे आवार. कापसाचा हंगाम सरला की तिथे चिटपाखरूही फिरकत नसे. शेठचा मुलगा गोपीकिशन हा मोंढ्याच्या, म्हणजे बाजारपेठेतल्या पोरांच्या संघाचा कॅप्टन आणि धर्मराजचा जिगरी दोस्त होता. पण आदल्या वर्षी क्रिकेटवाल्यांनी त्याच आवारात स्टंपांनी एकमेकांची डोकी फोडली होती.

“देखो धर्मराज,” शेठ म्हणाले, “खेळा, बिलकुल खेळा. पन एक बी भांडन झालं, की फाटकाला कुलूप. मंग पुढच्या साली न्हाई, कधीच न्हाई.”

धर्मराजने कबूल केले खरे, पण त्याच्या जिवाला घोर लागला.

वेळापत्रक करताना त्याने फार डोके लढवले. उन्हाळा म्हणजे लग्नसराई, पोरे वऱ्हाडात जाणार. म्हणून त्याने भिंतीवरचे कॅलेंडर काढून एकूण एक लग्नतिथीवर फुली मारली आणि सगळे सामने मोकळ्या दिवसांवर टाकले. फायनल पडली मे महिन्यातल्या सगळ्यात मोठ्या तिथीच्या आदल्या दिवशी. तिथीनंतर आवारात दुरुस्तीचे सामान येऊन पडणार होते, त्यामुळे त्यापुढे मैदान नव्हते.

ते माझे सोन्याचे दिवस होते. सकाळी कडूबाच्या सायकलच्या दुकानात पोटभर हवा, संध्याकाळी पोटभर लाथा. चेंडूला याहून जास्त काय हवे? सगळ्यांत मला आवडायचा तो जुन्या गावचा गोलकीपर काकासाहेब. उंच, अबोल पोरगा. तो झेप घेऊन मला छातीशी धरायचा तेव्हा मला घरी आल्यासारखे वाटायचे.

जुने गाव आणि मोंढा फायनलला पोचले, आणि त्याच आठवड्यात काकासाहेबाचे लग्न ठरले. नवरी केदारखेड्याची, तिथी तीच मोठी. धर्मराज निर्धास्त होता, तिथीवर फुली मारलेलीच होती! पण लग्नाच्या आदल्या दिवशी हळद असते, हे साऱ्या दोस्तमंडळींत एकाच्याही डोक्यात आले नाही. तिथ्या टाळता टाळता पठ्ठ्याने फायनल नेमकी हळदीवर नेऊन ठेवली होती.

हळद लागली की आमच्याकडे नवरदेव घराबाहेर एकटा पडत नाही आणि कट्यार जवळून हलू देत नाही. फायनलच्या दुपारी सगळे आवारात जमले, आणि गोल रिकामा.

“दुसरा कुणी उभा करा,” रामराव सर म्हणाले.

“न्हाई सर,” गोपीकिशन बोलला. समोरच्या संघाचा कॅप्टन बरे! “काकासाहेब गोलात नसताना आमी जिंकलो, तर त्याला जिंकणं कोन म्हनंल?”

उद्या अर्धे खेळाडू वऱ्हाडात जाणार होते. लग्नानंतर काकासाहेब औरंगाबादला कंपनीत कामाला लागणार होता. पहिल्याच वर्षी फायनल बुडाली तर पुढच्या वर्षी लीगला कोण येणार? धर्मराजचे तोंड एवढेसे झाले. मला काखोटीला मारून तो थेट मांडवात गेला.

काकासाहेब पाटावर बसला होता, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. कट्यारीच्या टोकाला लिंबू खोचलेले होते. खरे सांगतो, ती कट्यार पाहून माझ्या ब्लॅडरात गोळा आला.

“मावशी, घंटाभर सोडा न त्याला,” धर्मराज काकासाहेबाच्या आईला, झुंबरबाईंना म्हणाला.

“येडा झाला का रे? आत्ता तर हळद लावून राह्यले त्याला.”

काकासाहेब नुसता माझ्याकडे बघत राहिला. झुंबरबाईंनी लेकाचे डोळे पाहिले आणि पदराला हात पुसले.

“सकाळधरनं ध्यान तिकडंच हाय ह्याचं. कंपनीत गेल्यावर कवा खेळतो मंग? चल रे. कट्यार मी धरते, अन् तुझ्या गोलापाशी उभी राहते. पोरगं एकलं न्हाई गेल्तं, आईसंगं गेल्तं, असं सांगन समद्यायला.”

अशी ती फायनल झाली. गोलात पिवळाधमक नवरदेव, आणि बांबूच्या खांबाशी कट्यार धरून उभी त्याची आई. लोक कंपाउंडच्या भिंतीवर चढून बघत होते.

एक-एक अशी बरोबरी झाली. शेवटी शेवटी गोपीकिशनने मला दुरून लाथ हाणली. फटका अगदी साधा होता. काकासाहेबाने मला झेललेही. पण हळद तेलात कालवलेली असते, मित्रांनो. मी त्याच्या बोटांतून सुळकन निसटलो आणि गोलात जाऊन पडलो. मला माझीच लाज वाटली.

“हा गोल न्हाई! तेलानं निसटला! पुन्ना खेळा!” जुन्या गावची पोरे ओरडली. मोंढ्याची पोरे धावून आली. कोणीतरी कोणाची तरी कॉलर धरली. सर शिट्टी फुंकून फुंकून दमले, पण ऐकतो कोण? फाटकाशी चांदमल शेठ उभे होते आणि त्यांच्या हातात कुलूप होते. धर्मराज मधे पडून हात जोडत होता.

तेवढ्यात काकासाहेब वाकला. त्याने मला उचलले, त्या साऱ्या गर्दीतून वाट काढत मैदानाच्या मध्यावर नेले आणि खाली ठेवले.

“माझ्या हातून निसटला. गोल बराबर हाय,” तो म्हणाला. “चला, खेळा जल्दी. माय उन्हात उभी हाय.”

धरलेली कॉलर सुटली. मग कॉलर धरणाऱ्याला काकासाहेबाच्या अंगाची हळद लागून पिवळा झालेला आपलाच शर्ट दिसला आणि तो हसला. बघता बघता सगळेच हसू लागले. मोंढा दोन-एकने जिंकला. शेठनी कुलूप खिशात टाकले आणि धर्मराजला जवळ बोलावले.

“पुढच्या साली तारीख ठरवताना मला इचारा. हळद बी बघावं लागते, बेटा.”

पुढच्या साली! हे दोनच शब्द ऐकून धर्मराजचे डोळे भरून आले. माझेही आले असते.

त्यानंतर दर उन्हाळ्याला लीग होत राहिली. मी फाटलो, शिवला गेलो, पुन्हा फाटलो. मग नवा चेंडू आला आणि माझी रवानगी जिनिंगच्या कोठीत झाली. इथे धूळ आहे, उंदीर आहेत, वर्षानुवर्षे कोणी विचारपूस करत नाही. वाईट वाटते, का वाटू नये? दोन हजार साल उलटून गेले, तरी मे महिन्यात पत्र्यापलीकडून शिट्टी ऐकू येते आणि माझे चामडे शहारते.

मित्रांनो, खेळून झाले की चेंडूला रात्रभर उघड्यावर टाकू नका. त्याची धूळ पुसा, उसवला तर वेळेवर शिवून घ्या. आणि कधी तुमच्यावर गोल झाला, तर चेंडू तुम्हीच उचला आणि मध्यावर आणून ठेवा. ते सोपे नसते, मला माहीत आहे. त्या दिवशी काकासाहेबाचे हात थरथरत होते. ते फक्त मला कळले.