पलीकडच्या दोन पिना

"गेला," रणजित म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला.

पडदा काळा झाला होता. एखादं यंत्र बिघडलं की निदान कुरकुर तरी करतं. हा कॉम्प्युटर मात्र चालता चालता मान टाकायचा. थोड्या वेळाने बटण दाबलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू व्हायचा, आणि जरा आशा वाटली की पुन्हा गप्प.

"लाईटचं काय आसंल का?" अनिताने विचारलं.

"लाईट हाय की. वरचा बल्ब दिसतूय न्हवं?"

नवऱ्याचा आवाज चढला की आपला उतरवायचा, हे ती गेल्या वर्षभरात शिकली होती.

रणजितचं बारामतीत एस.टी. स्टँडच्या मागे दुकान होतं. सुटे भाग आणून तो कॉम्प्युटर जोडून द्यायचा. दूध डेअरीवाले, कॉलेजातली पोरं, सोसायटीचे सचिव, सगळे त्याच्याकडे यायचे. अनिता दुकानात बसायची आणि बघून बघून तिलाही बरंच कळायला लागलं होतं. मग एका सकाळी त्याच्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परत आलं, पाय ओढत का होईना चालू लागला. उजवा हात मात्र आला नाही. दुकानाचं शटर जे खाली आलं ते खालीच राहिलं.

यंदा नवरात्रात त्याने सणसर गावातल्या घरात, एकट्या डाव्या हाताने, हा कॉम्प्युटर जोडला. अनिताला त्याने जवळसुद्धा फिरकू दिलं नाही.

"ह्यो नीट चालला तर दिवाळीनंतर दुकान उघडायचं," तो म्हणाला होता. "न्हाय चालला तर गाळ्याच्या मालकाला चावी द्यायची आन् गप घरी बसायचं."

बोललेलं मागे घेणारा हा गडी नव्हे.

खंडेनवमीला त्याच्या आईने, प्रयागबाईंनी, विळा, कोयता आणि खुरप्याशेजारी कॉम्प्युटरही पुजला. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, वरून मूठभर अक्षता टाकल्या. कॉम्प्युटरच्या डोक्यावर हवेसाठी जाळी असते, हे त्यांना कोण सांगणार? दसऱ्याला रणजितने बटण दाबलं आणि पेढा तोंडात विरघळायच्या आत तो बंद पडला.

तेव्हापासून त्याने काही करायचं ठेवलं नव्हतं. रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासली. बंद दुकानातला जुना पॉवर सप्लाय आणवून लावून पाहिला. विंडोज नव्याने टाकलं. आतला पंखा डोळ्यांदेखत गरगर फिरत होता, म्हणून तिकडे त्याचं लक्ष गेलं नाही. की जायला नको होतं, कोण जाणे.

"मदरबोर्ड गेला आसंल," अनिता चाचरत म्हणाली.

"बोर्ड कशाला जातूय?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मीच गेलोय."

हे ऐकून तिला रडूच आलं. ती चुलीवर काही नसताना स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी तो हाताच्या व्यायामासाठी बारामतीला गेला. एस.टी. गेल्याची खात्री करून अनिताने कॉम्प्युटर टेबलावर आडवा केला आणि बाजूचा पत्रा काढला. प्रोसेसरवरचा पंखा चार पिनांवर बसतो. अंगठ्याने जोर देऊन दाबलं की टक् आवाज होऊन पिन बोर्डात बसते. तिने पंख्याला बोट लावलं आणि तो एका बाजूने उचलला गेला. अलीकडच्या दोन पिना घट्ट होत्या. पलीकडच्या दोन नुसत्या भोकात उभ्या होत्या. पंखा नीट टेकत नसल्याने प्रोसेसर तापत होता आणि जळून जाऊ नये म्हणून बिचारा स्वतःला बंद करून घेत होता.

बिघाड सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. तिला झाला नाही. डाव्या हाताने तिथवर पोचायला त्याने किती ओढाताण केली असेल, ते तिला दिसलं.

"काय घावलं गं?" प्रयागबाई दारातून म्हणाल्या.

"पिना बसल्या न्हाईत, आत्या. त्येंचा जोर पुरला न्हाय."

सासूबाई उंबऱ्यावरच टेकल्या. म्हणाल्या, "त्येला सांगू नगंस. माज्यावर घाल. म्हण, म्हातारीच्या अक्षदा पंख्यात आडकल्या व्हत्या."

भाजी खारट झाली तर मिठाच्या पुडीला दोष देणारी ही बाई! अनिताने प्रोसेसर आणि पंख्यामधली, उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली आणि चारही पिना दाबून बसवल्या.

रणजित आल्यावर प्रयागबाईंनी चहासोबतच गुन्हा कबूल केला. तो नुसता हसला. संध्याकाळभर कॉम्प्युटर चालला, एकदाही बंद पडला नाही. जेवताना तो दोन भाकरी खाऊन उठला, तेव्हा अनिताला वाटलं, जिंकलो.

सकाळी त्याने हाक मारली. कॉम्प्युटर आडवा होता, पत्रा काढलेला होता.

"आईचा तांदूळ आडकला आसता तर पंखा वाजला आसता," तो म्हणाला. "मला ऐकू आलं आसतं. आन् ही पेस्ट नवी हाय."

अनिता टेबलाजवळ आली.

"किती पिना?"

"दोन."

"पलीकडच्या?"

"व्हय."

तो ओरडेल असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने डाव्या हाताच्या बोटाने चारही पिना एकेक करून चाचपल्या.

"मालकाला फोन करताय व्हय?" तिने शेवटी विचारलं.

"पंखा काढ," तो म्हणाला.

"चांगला चाललाय की."

"काढ. माज्या म्होरं परत बसव. दुकानात गिऱ्हाइकाम्होरं करताना हात थरथराय नको तुजा."

तिने वर पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिने पिना फिरवून मोकळ्या केल्या, पेस्ट लावली, पंखा जागेवर ठेवला.

"आदी हितली. मग तिच्या तिरपी, पलीकडची. शेजारची न्हाय दाबायची."

पहिली पिन बसली. दुसरीला तिने जोर लावला, तसा सगळा कॉम्प्युटर टेबलावरून पुढे सरकला. तिने तो ओढून घेतला, पुन्हा दाबलं, पुन्हा सरकला.

रणजित उठला. डाव्या हाताने त्याने आपला उजवा हात मनगटाशी धरला, उचलला आणि कॉम्प्युटरच्या खोक्याच्या कडेवर नीट ठेवला. मग त्या हातावर अंगाचा सगळा भार टाकून तो वाकून उभा राहिला.

"आता हालायचं न्हाय," तो म्हणाला. "दाब."