वाघरीच्या तोंडाशी

देशाची गोलकीपर राणी माझ्या हाताखाली तयार झाली, असं मी सांगलीभर सांगत फिरतो. सत्काराची एक शालसुद्धा सोडलेली नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी सातारच्या मैदानावर मी नुसता घाम पुसत उभा होतो.

सांगली विरुद्ध सातारा, मुलींचा फुटबॉल सामना. भारतीय संघाच्या शिबिरासाठी निवड करणारी माणसं आली होती. पुढच्या वर्षी राणी वयाच्या अटीत बसणार नव्हती, त्यामुळे जे काय व्हायचं ते आजच. आणि नेमके आजच तिचे वडील बिराप्पा पहिल्यांदा तिचा खेळ बघायला आले. जतकडचे मेंढपाळ. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. थेट गोलमागं गेले आणि जाळी चाचपून म्हणाले, "ही तर आपली वाघर की!" वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी.

दहाव्या मिनिटाला सातारनं गोल केला. आम्ही सांगलीकरांनी कपाळाला हात लावला. बिराप्पा मात्र उठून ओरडले, "आली आत! शाब्बास राणे!"

मैदान खदाखदा हसलं. राणीनं पुढचे दोन चेंडू अडवले, तर हे कळवळले, "आगं, भाईर का हाकलतीस? यीऊ दी की आत!" मला तर त्यांची काठी हिसकावून घ्यावीशी वाटली.

मध्यंतरात मी त्यांना ऑफसाइडपासून समजवायला लागलो. राणीनं मला हातानंच थांबवलं आणि बापापुढं उकिडवी बसली.

"आबा, त्यो चेंडू मेंढरू न्हाई. लांडगा हाय."

बिराप्पांचा चेहरा खर्रकन उतरला. "आन मी त्येला आत बोलवत हुतो?"

मग आम्ही बरोबरी केली. शेवटच्या मिनिटाला सातारला पेनल्टी मिळाली. मी पुन्हा घाम पुसायला लागलो. जाळीमागून बिराप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "राणे, पायाकडं बघू नगंस. लांडगा शिरायच्या आदी खांदा टाकतो."

तिनं पेनल्टी मारणारीचा खांदा बघितला. डावीकडं झेपावली आणि दोन्ही मुठींनी चेंडू पार बाहेर! बिराप्पांनी कमरेच्या पिशवीतला भंडारा असा उधळला, की रेफ्री, मी आणि निवडायला आलेली माणसं सगळीच पिवळी झाली. त्याच पिवळ्या झालेल्या निवडीच्या कागदावर राणीचं नाव लिहिलं गेलं.

परवा ती भारताकडून पन्नासावा सामना खेळली, परदेशात. मी बिराप्पांच्या घरी टीव्हीसमोर होतो. आपण जिंकलो, एकही गोल खाल्ला नाही. बिराप्पांसमोरची भाकरी मात्र तशीच होती. मेंढरं मोजल्याशिवाय हा माणूस जेवत नाही. काठीच्या टोकानं ते पडद्यावरच्या मुली मोजत होते.

तेवढ्यात फोन वाजला. राणीनं पहिलाच प्रश्न विचारला, "आबा, मेंढरं?"

"अकराच्या अकरा हायती, पोरी," बिराप्पा म्हणाले. "जेव आता निवांत."

आणि त्यांनी भाकरी मोडली.